गोल्फच्या मैदानावरचं पहिलं ‘नको’

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी, तर उत्तरायणानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, नाश्त्याचे डबे उघडायच्या आधी. कुठे, तर बडोद्याबाहेर, कालव्यापलीकडच्या गोल्फच्या सरावाच्या मैदानावर. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पत्रकं लिहिता लिहिता मला एवढं कळलंय की कोणावर, कधी आणि कुठे हे पहिल्या चार ओळींत आलं नाही, तर लोक त्या कागदात शेंगदाणे बांधतात.

आता काय झालं ते.

निजामपुऱ्यात आमच्या घरामागे एक बाग आहे. तिथे रोज सकाळी व्यायामाचा वर्ग भरतो. पोरं उड्या मारतात, बायका गाणी लावून नाचत घाम काढतात, वयस्कर मंडळी खांदे फिरवतात आणि शेवटी सगळे मिळून हसण्याचा व्यायाम करतात. हा शेवटचा प्रकार मला अजून जमलेला नाही. हसायला कारण लागतं, असं माझं मत आहे. वर्ग घेणारा कोच गुजराती आहे, तिशीचा असेल. त्याला सगळे सर म्हणतात. आत्याही म्हणते, आणि तिचे पहिले विद्यार्थी आज याच्यापेक्षा मोठे असतील.

दर दोन-तीन महिन्यांनी हा कोच वर्गातल्या लोकांना बसमध्ये घालून गोल्फला नेतो. या वेळी बागेच्या फाटकावर त्याने फलक लावला होता: गोल्फ सहल, सर्व वयोगटांसाठी. ‘सर्व’खाली रेघ. ती रेघ मी मारलेली नव्हती, त्यानेच मारली होती. म्हणजे जबाबदारी त्याची.

माझी आत्या मराठी शाळेत पी.टी.च्या बाई होती. लेझीम, खो-खो, डंबेल्सची कवायत, सगळं तिने शिकवलं. खेळली मात्र नाही. बाईंनी शिट्टी वाजवायची असते, चेंडू मुलांनी मारायचा असतो. मुलांचा खेळ बघत बघत तिची सगळी नोकरी संपली. शाळाही नंतर बंद पडली. निवृत्तीनंतर एकदा टीव्हीवर तिला गोल्फ दिसला आणि ती तिथेच बसली. कोणी धावत नाही, कोणी ओरडत नाही, चेंडू आपली वाट बघत जागेवर थांबतो. मला म्हणाली, “अगं, हा खेळ आपल्यासाठीच ठेवलाय. बाकीचे सगळे चेंडू पळून जातात.”

सहल ठरल्यावर ती आमच्या गॅलरीत सराव करायला लागली. हातात लांब दांड्याची छत्री, उलटी धरलेली. खाली मोज्यांचा गोळा. माझे बाबा पेपर वाचता वाचता पाय वर घेऊन बसायचे.

“आक्का, पंखा सांभाळ.”

“पंखा वर आहे. तू तुझी नडगी सांभाळ.”

“काठीला भार कुठे असतो गं, टोकाला की मुठीला?” हे मला. मला काय माहीत. मी फोनवर शोधलं, तिला वाचून दाखवलं, तिने ते ऐकलं आणि मग स्वतःचंच खरं केलं: गुडघ्यातून दाबायचं, लेझमीसारखं. तिला आणखीही पुष्कळ काही जाणून घ्यायचं होतं. चेंडूवर ते खळगे कशाला? मातीत खोचायची ती छोटी खुंटी लाकडाची की प्लास्टिकची? चेंडू चुकला तर मोजतात का? एखाद्या खेळाबद्दल इतके प्रश्न विचारणारं माणूस मी घरात दुसरं पाहिलेलं नाही. आणि एकच गोष्ट तिला हवी होती: एक चेंडू, आपल्या हाताने मारलेला.

त्या रविवारी मीही बसमध्ये होते. मैदानाच्या कडेच्या झाडांवर पतंगांचे सांगाडे आणि मांजा अजून लोंबत होता. एका रांगेत हिरव्या चटया, प्रत्येक चटईशेजारी चेंडूंची टोपली. कोचने मला पाण्याचा जार आणायला बसकडे पाठवलं. जार ओढत परत आले तेव्हा पोरं चटयांवर उभी होती, त्यांचे आईबाप मागे रांगेत होते, आणि आत्या झाडाखाली पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिच्या शेजारी वर्गातली बाकीची वयस्कर मंडळी, अशाच खुर्च्यांत. आत्याच्या मांडीवर दोन पर्स, कुणाचा तरी चष्मा, एका पोराचा स्वेटर आणि स्कूटरची किल्ली.

“तू खेळत नाहीयेस?”

“बघतेय ना.”

“पण तू तर...”

“पाणी दे सगळ्यांना. जार धरून उभी नको राहू.”

मग ताक आलं, ढोकळा आला. पोरांनी फोटो काढले. कुणीतरी आत्याला म्हणालं, “काकी, थँक यू हं, सामान सांभाळल्याबद्दल.” बस परत निघाली. घरी बाबांनी विचारलं, कसं होतं. आत्या म्हणाली, “छान. झाडं छान होती.”

छत्री पुन्हा दारामागच्या खुंटीला गेली.

माझं डोकं फिरलं. मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसले, कारण रागात लिहिलेलं पत्रक छापण्याच्या लायकीचं नसतं, हे मला विद्यार्थी संघटनेत शिकवलंय. मथळा दिला: ‘सर्व म्हणजे कोण?’ खाली लिहिलं की वयाकडे बघून खुर्ची देणं हा सन्मान नसून हकालपट्टी आहे. की ज्येष्ठांना सामान ठेवायचं कपाट समजलं गेलं. की या भेदभावाचा आम्ही निषेध करतो. आत्या मेथी निवडत होती. मी तिला वाचून दाखवलं.

तिने शांतपणे ऐकलं. “ ‘अन्याय’ तीनदा आलाय. एकदा पुरे.”

“बाकी?”

“बाकी चांगलं आहे. पण खोटं आहे.”

“काय खोटं आहे?”

“त्यानं विचारलं होतं.”

मी पेन खाली ठेवलं. ती मेथीच्या काड्या बाजूला करत सांगत राहिली. कोच प्रत्येकाजवळ गेला होता. तिच्याजवळही आला. वाकून, नीट, आदराने विचारलं होतं, “काकी, तमे रमशो?” तुम्ही खेळणार का?

“मग तू काय म्हणालीस?”

“नको म्हटलं.”

“नको?”

“नको, नको, पोरांना खेळू दे, असं म्हटलं.”

“का?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाचवीत आहे आणि लेझीम घरी विसरून आलेय. “अगं, का म्हणजे काय? एकदम हो कसं म्हणायचं? कोणी चहा विचारला तर तू एकदम हो म्हणतेस?”

“हो.”

“तू म्हणतेस. तुझं सोड.”

आता माझी पंचाईत बघा. गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या फाटकावर उभी राहून मी जी पत्रकं वाटली, त्यांवर मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट होती: नाही म्हणजे नाही. पोलीस हटवायला आले तरी हटले नाही. आणि आता माझीच आत्या सांगत होती की कोचने तिचं ‘नाही’ हे ‘नाही’च मानलं, हीच त्याची चूक. मी तिला तसं तोंडावर म्हटलं.

“ते तुझं नाही वेगळं,” ती म्हणाली. “ते नको असतं तेव्हाचं. हे हवं असतं तेव्हाचं. हे चहाचं नको.”

“त्या बिचाऱ्याला कसं कळणार?”

“दुसऱ्यांदा विचारलं की कळतं.”

पत्रक बाजूला ठेवलं. राग गेला नव्हता, पण राग कोणावर धरायचा हे आता कळत नव्हतं, आणि मला कुतूहल वाटायला लागलं. खरं सांगते, इतकी वर्षं या घरात जेवले, पण कोण कितव्यांदा हो म्हणतं याकडे माझं कधी लक्षच नव्हतं. ते आता द्यायला लागले.

शेजारच्या काकू आल्या. आईने पोहे विचारले. नको गं, आत्ताच खाल्लं. आईने बशी भरली. नको, खरंच नको. आईने लिंबू पिळलं. बरं, अगदी थोडे. थोडे म्हणजे पूर्ण बशी, वर शेव. काकू गेल्यावर मी आईला विचारलं, “त्यांना पहिल्यापासून हवे होते?” आई म्हणाली, “नाहीतर कशाला आल्या असत्या नाश्त्याच्या वेळेला?” मांडवीच्या बाजारात आत्याबरोबर साडी घ्यायला गेले. दुकानदार गुजराती, त्यानेही थंड काही घेणार का विचारलं, आत्याने नको म्हटलं, त्याने माणसाला हाक मारून बाटल्या मागवल्या, आत्याने त्या संपवल्या. कुठेही कोणाची फसवणूक झाली नव्हती. सगळ्यांना नियम माहीत होता. पहिलं नको हे दार नसून पायपुसणं असतं, त्यावर पाय पुसून आत जायचं असतं.

बाबांचं तर याहून पुढचं. त्यांना मी विचारलं, तुम्ही कधी पहिल्यांदाच हो म्हणालात का? त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “तुझ्या आईला.” आई आतून म्हणाली, “खोटं. तेव्हाही आधी घरी विचारतो म्हणाले होते.”

मग मी बागेत गेले आणि त्या झाडाखालच्या खुर्च्यांतल्या मंडळींना एकेकाला गाठलं. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले एक काका आहेत, गुजराती, वर्गात सगळ्यांत पुढे उभे राहतात. त्यांना विचारलं, “काका, तुम्हाला गोल्फ खेळायचा नव्हता?”

“खेळायचा का नाही? मनगट बघ माझं.”

“मग नको का म्हणालात?”

“तुझी आत्या नको म्हणाली. बेन बसलेली असताना मी उठून खेळायला जाऊ? खराब दिसतं.”

आत्याला जाऊन सांगितलं. तर ती म्हणते, मी नको म्हटलं कारण ते आधीच बसले होते. बाकीच्यांची हीच कथा. कोणी पोरांसाठी, कोणी सुनेसाठी, कोणी आधीच्याने नको म्हटलं म्हणून. एक आजी म्हणाल्या, त्यांना वाटलं कोच पुन्हा येईल. त्या वाट बघत होत्या, आणि तेवढ्यात ताक आलं. ती अख्खी रांग एकमेकांचा मान राखत खुर्चीत अडकून बसली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की खेळायची हौस फक्त आपल्यालाच आहे.

आणि नेमका त्याच आठवड्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. पुढच्या गोल्फ सहलीत ज्येष्ठांसाठी जागा राखणार नाही, कारण त्यांना रस दिसत नाही. त्याऐवजी त्यांच्यासाठी बागेतच भजनाचा कार्यक्रम. खाली नमस्काराचे हात, खूप सारे.

आत्याने तो वाचला, चष्मा काढला, परत लावला आणि परत वाचला. “भजन मला घरी येतं,” एवढंच म्हणाली.

मी थेट कोचकडे गेले. तो चटया गुंडाळत होता. मी जे बोलायचं ते बोलले, आवाजही चढला असेल. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की आधी तो दुसऱ्या शहरात एका जिममध्ये होता. तिथे एका आजोबांनी नको म्हटलं असताना दुसऱ्या ट्रेनरने चला दादा, चला दादा करून त्यांच्याकडून वजन उचलवलं. त्यांची पाठ गेली, ती गेलीच. “तेव्हापासून माझा नियम आहे. एकदा विचारायचं. ना म्हणाले की विषय संपला. मोठ्या माणसांवर जबरदस्ती नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तूच ना, युनिव्हर्सिटीच्या फाटकावर कागद वाटत होतीस? मी घेतलेला एक.”

वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. मी म्हटलं, “पण त्यांना खेळायचंय.”

“तर त्यांनी मला सांगावं. तू नाही. त्यांनी.”

हेही बरोबरच होतं. मला अशी भांडणं आवडत नाहीत ज्यांत समोरचा बरोबर असतो.

घरी येऊन मी आत्याला म्हटलं, “शनिवारी तो सहलीची नावं घेणार आहे. हात वर कर आणि हो म्हण. संपलं.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“मला खेळायचंय, मला खेळायचंय, असं? पोरांसारखं?”

“मग काय, अर्ज देणार आहेस?”

“तू मध्ये बोलायचं नाहीस,” ती म्हणाली. “तू बोललीस की ते आंदोलन होतं.”

शनिवारी वर्ग संपला, हसून झालं. कोच मधोमध उभा राहिला. त्याने माझ्या शब्दाला मान दिला होता, तेवढं कबूल करते. म्हणाला, ज्येष्ठांपैकी कोणाला गोल्फला यायचं असेल, खेळायला यायचं असेल, त्यांनी सांगावं.

आत्याने मकरपुऱ्याच्या काकांकडे पाहिलं. “तुम्ही जा ना.”

“ना बेन. पहेला तमे.”

“माझं काय, मी कधीही जाईन.”

“मीसुद्धा कधीही जाईन.”

आजींनी पदर सारखा केला. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते, कारण तोंड उघडायचं नाही हे ठरलं होतं. कोचने मग शिस्तीत एकेकाला विचारलं. आत्यासमोर आला. “काकी, तमे रमशो?”

“नको, नको,” आत्या म्हणाली.

माझ्या कानांनी ऐकलं. इतकं बोलणं झालं, इतका आठवडा गेला, आणि तोंडातून आलं ते नकोच. तिलाही ते कळलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम पडला. कोचने मान हलवली आणि तो पुढे वळला. काकांजवळ पोचला.

“सर,” आत्या म्हणाली.

तो थांबला.

“फरी पूछो.”

“शुं?”

“मला. परत विचारा.” आता ती मराठीत आली होती, पण त्याला समजलं. बडोद्यात एवढं समजतं.

तो दोन पावलं मागे आला. गोंधळलेला होता, तरी तसाच वाकला आणि तशाच आदराने त्याने पुन्हा विचारलं, “काकी, तमे रमशो?”

“हो,” आत्या म्हणाली. “हा, मारे रमवुं छे.”

मागे एक पोरगी फिसकन हसली, तिच्या आईने तिला चापट मारली. कोच काकांकडे वळला आणि विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, “मलाही दोनदा विचार, भाई. माझं पहिलं ना झालं असं समज.” आजी म्हणाल्या, त्यांना पहिल्यांदाच हो म्हणायचं आहे, पण सुनेला सांगू नका. त्या सकाळी हसण्याचा व्यायाम वर्ग संपल्यानंतरही चालू राहिला, आणि मला पहिल्यांदा तो जमला.

फाल्गुनात सहल निघाली. आत्याने पंजाबी ड्रेस घातला, माझे जुने कॅनव्हासचे बूट घातले, दोन मोजे चढवून. मैदानावर तिला चटई मिळाली, टोपली मिळाली आणि काठी मिळाली. काठी तिने हातात तोलून पाहिली. “भार टोकाला आहे,” मला म्हणाली, जणू महत्त्वाची बातमी. चेंडूच्या खळग्यांवरून अंगठा फिरवला. खुंटी प्लास्टिकची निघाली, त्याचं तिला जरा वाईट वाटलं.

मग तिने गुडघ्यातून दाबून, लेझमीसारखी, काठी फिरवली आणि ती चेंडूवरून निघून गेली. चेंडू होता तिथेच. कोच म्हणाला, गुडघे नाही, कंबर. आत्या म्हणाली, मला माहीत आहे, आणि पुन्हा गुडघ्यातून मारलं. या वेळी चटईची कड उचकटली. काका शेजारून म्हणाले, “बेन, चेंडू खाली आहे.” ती म्हणाली, “तुमच्याकडे बघा तुम्ही.” त्यांचाही जागेवरच होता.

तिसऱ्या वेळी तिने कोचचं ऐकलं. फार नाही, थोडंसं. टक्क असा आवाज आला. चेंडू उडाला वगैरे काही नाही. तो जमिनीलगत सरळ गेला, मग कसला तरी विचार केल्यासारखा डावीकडे वळला आणि एका झाडाच्या अलीकडे थांबला. आत्या काठी तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग ती खाली वाकली आणि टोपलीतून दुसरा चेंडू घेतला.

टोपली संपली तेव्हा तिने कोचला विचारलं, आणखी मिळेल का. तो म्हणाला, काकी, दमला असाल, बसता का? ती म्हणाली, नको. आणि हे कुठलं नको आहे हे त्यालाही कळलं, कारण त्याने जाऊन टोपली भरून आणली.

पत्रक मी फाडलं नाही, पण छापलंही नाही. निषेध करायला समोर कोणी उरलं नव्हतं. मागणी मात्र उरली आहे आणि ती तुमच्याकडे आहे. तुम्ही वर्ग घेत असाल, सहल काढत असाल किंवा सुट्टीत घरच्यांना कुठे नुसतं फिरायला नेत असाल, तर पहिलं उत्तर कागदावर उतरवू नका. पेन थांबवा, त्या माणसासमोर उभे राहा आणि पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही नको आलं, तर ते ऐका आणि मान्य करा. पण दुसऱ्यांदा विचारा. आज विचारा.